ऐकणारे हात

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत भोपळ्यांच्या राशीपुढे उभा राहिलेला कारागीर त्यांच्याकडे पाहतो ते ओझरतेच. खरी पारख सुरू होते ती टिचकीने. बोटाचे पेर वाकवून तो एकेका भोपळ्याच्या फुगीर पोटावर हलकेच ठोका देतो, मान किंचित कलती करतो आणि भोपळा बाजूला ठेवतो. पुन्हा दुसरा, पुन्हा ठोका, पुन्हा कान. भर उन्हाळ्यात फळवाल्यापुढे उभे राहून आपणही कलिंगड असेच वाजवून पाहतो, पण तिथे आपल्याला आतला लाल गर हवा असतो. इथे कारागिराला हवी असते ती आतली पोकळी. कुठे आवाज कोंदट येतो, कारण साल अजून ओल धरून असते; कुठे चिरका येतो, कारण डोळ्यांना न दिसणारा एखादा तडा आत दडलेला असतो; आणि मग मध्येच एखादा असा निघतो की ठोका पडताच आत क्षणभर काही घुमते, आणि ते घुमणे ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर उमटते. त्या भोपळ्याला अजून ना दांडी आहे, ना तार. तरी तंबोऱ्याचे रसग्रहण आपण इथूनच आरंभावे, कारण या वाद्याच्या घडणीत हातांच्या बरोबरीने कान राबलेले असतात, आणि त्या ऐकणाऱ्या हातांची एक अख्खी वस्ती मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे.

हे भोपळे येतात भीमेच्या खोऱ्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या शिवारांतून. सालीला जाड आणि चवीला कडू, म्हणून ताटात त्यांना स्थान नाही. माणूसही खात नाही, गुरेही तोंड लावत नाहीत. ज्वारीसाठी ख्यात असलेल्या आणि पावसाच्या लहरीवर जगणाऱ्या त्या मुलखात एखादा शेतकरी आपल्या रानाचा एक तुकडा केवळ नादासाठी राखून ठेवतो, ही कल्पना मला फार मोहवते. वेलीवर भोपळा पुरता पिकू द्यायचा, त्याचा बूड-आकार बिघडणार नाही अशा बेताने तो ठेवायचा, मग महिनोन्‌महिने वाळवायचा. त्यात घाई चालत नाही. वारकऱ्याच्या एकतारीतही भोपळाच घुमत असतो, हे ध्यानात घेतले की चंद्रभागेच्या परिसरात पिकलेली ही पोकळी एका अंगाने भजनाला आणि दुसऱ्या अंगाने ख्यालाला कशी जाऊन मिळते, ते आपोआप उमगते. कारखान्यात आल्यावर त्याचे तोंड कापतात, पाण्यात भिजवून तो मऊ करतात, आतला वाळका गर आणि बिया खरवडून काढतात, आणि कडा आत वळू नयेत म्हणून काटक्यांचा ताण देऊन पुन्हा सुकवतात. असे काटक्यांनी ताणलेले भोपळे ओळीने मांडलेले पाहणे हासुद्धा एक आनंद आहे. प्रत्येकाचा घेर निराळा, प्रत्येकाची बसण्याची तऱ्हा निराळी. एकही दुसऱ्याची प्रतिकृती नाही. तंजावरकडचा तंबोरा फणसाच्या लाकडात कोरून काढतात, त्यामुळे त्याच्या पोटाचा आकार कारागिराच्या मर्जीने ठरतो. मिरजेत मात्र निसर्गाने जो घेर दिला त्याच्याशी तडजोड करत पुढचे सारे माप बेतावे लागते. ही तडजोड ज्याला साधली त्याला वाद्य साधले.

मग लाकूड येते. तून नावाच्या झाडाचे लालसर, हलके, सरळ रेषांचे लाकूड या कामाला पसंत पडते. त्यातून दांडी कोरतात, ती आतून पोकळ ठेवतात आणि वरून पातळ पट्टीने झाकतात; म्हणजे भोपळ्यात घुमलेला नाद गळ्यातून वर चढून थेट खुंट्यांपर्यंत पोहोचतो. तंबोरा मांडीवर किंवा जमिनीवर उभा धरून जो वाजवतो त्याच्या कानाशी दांडीचा वरचा भाग येतो, आणि तिथेही ते लाकूड गुणगुणत असते, हा अनुभव ज्यांनी साथीला बसून घेतला आहे त्यांना वेगळा सांगायला नको. भोपळ्याच्या तोंडावर बसते ती तबली. रंध्याने ती पातळ करत जाताना कारागीर थांबून थांबून तिच्यावर बोट वाजवतो. जाड राहिली तर वाद्य मुके, फार पातळ झाली तर तारांच्या ओढीखाली ती कालांतराने खचणार. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी तिचा स्वर असतो, आणि तो मोजपट्टीवर लिहिलेला नसतो. तबलीला किंचित फुगवटा देतात, इतका किंचित की समोरून दिसतच नाही. तंबोरा आडवा धरून प्रकाश तिरपा पडू द्यावा. मग ती हलकी चढण आपल्याला दिसते, आणि एका सपाट वाटणाऱ्या फळीत किती विचार वळवून ठेवला आहे ते कळते.

भोपळा आणि दांडी जिथे मिळतात तो सांधा म्हणजे गुलू. एका बाजूला फळाची साल, दुसऱ्या बाजूला वृक्षाचे खोड. दोघांचे आकसणे-फुगणे वेगळे, वय वेगळे, स्वभाव वेगळा. या सांध्यावर लाकडात कोरलेली पाने बसवतात. दांडीकडून उतरलेली ती पाने भोपळ्याच्या उतारावर विसावतात आणि भोपळा जणू अजूनही वेलीलाच लगडलेला आहे असा भास देतात. जोड झाकण्याची गरज होती. तिच्यातून अलंकार जन्मला. पण त्या अलंकाराने झाकता झाकता भोपळ्याला त्याचे मूळ घरच परत दिले, ही त्या अनाम कलावंताची सूझ मला थोर वाटते. नक्षी मात्र नेहमीच इतकी संयत असते असे नाही. पूर्वी तबलीच्या कडेने हस्तिदंताची वेलबुट्टी असे. हस्तिदंतावर बंदी आल्यावर तिची जागा पांढऱ्या प्लॅस्टिकने आणि सेल्युलॉइडने घेतली, आणि स्वस्त साहित्य हाती आले की हात सैल सुटतो. काही तंबोरे इतके सजलेले असतात की त्यांच्याकडे पाहताना ऐकायचे राहून जावे. माझा कल साध्या तंबोऱ्याकडे: लाखेच्या पॉलिशची तांबूस झळाळी, कडेने एखादी नाजूक रेघ, बाकी सारे लाकडाच्या रेषांवर सोपवलेले.

हे सारे करणारे लोक मुळात शिकलगार. शस्त्रे घडवणे, त्यांना पाणी आणि धार देणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. १८१८ साली पेशवाई बुडाली, इंग्रजांचा अंमल बसला, आणि तलवारीचे गिऱ्हाईक हळूहळू नाहीसे झाले. मिरज हे पटवर्धनांचे संस्थान. दरबारात गाण्याची आवड. गवई येत, राहत, आणि त्यांची वाद्ये दूर उत्तरेतून आलेली असल्यामुळे मोडतोड झाली की दुरुस्तीची पंचाईत होई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार या कुशल माणसाने अशा दुरुस्त्यांना हात घातला आणि त्यातूनच पुढे नवी वाद्ये घडवण्याचा व्यवसाय उभा राहिला, असे मिरजेत सांगतात. पुढे या घराण्यांतल्या अनेकांनी सतारमेकर हेच आडनाव लावले आणि गल्लीलाही ते चिकटले. शस्त्र जाऊन वाद्य आले, एवढ्यावर बहुतेक जण ही कथा सोडून देतात. त्यातला गोड विरोधाभास पुरेसा वाटतो. पण आपण थोडे अधिक थांबून पाहू या. तलवारीच्या पात्याला धार देणारा माणूस कानशीने जे करतो ते धातू घासणे नव्हे. एका पृष्ठाचा दुसऱ्या पृष्ठाकडे जाणारा उतार तो बोटाच्या स्पर्शाने ओळखत असतो, केसभर कमी-जास्त झालेले त्याच्या हाताला कळते. तंबोऱ्यात हीच विद्या एका जागी अक्षरशः जशीच्या तशी उतरली आहे. ती जागा म्हणजे जवारी.

तबलीवर मधोमध घोडी असते. तिच्यावरून तारा जातात. व्हायोलिनची घोडी पातळ, उभी, तारेला एका बिंदूवर टेकू देणारी. तंबोऱ्याची घोडी रुंद, आणि तिचा माथा पाहता क्षणी सपाट वाटतो. तो सपाट नसतो. पुढच्या कडेकडे तो अतिशय मंद उतरत जातो, आणि त्या उतारावरच, म्हणजे जवारीवर, सगळी जादू घडते. तार छेडली की ती कंप पावता पावता त्या उताराला पुन्हापुन्हा स्पर्श करते, सुटते, पुन्हा चाटून जाते; प्रत्येक स्पर्शात मूळ स्वरातून नव्या झळा उठतात. उतार जास्त तीव्र झाला तर आवाज कोरडा, बंद. फार सपाट राहिला तर नुसती झणझण. घोडीचा माथा पूर्वी हस्तिदंताचा असे, पुढे उंटाचे हाड आले, आता शिसवी लाकूड आणि कृत्रिम पदार्थही वापरतात. पण साहित्य कोणतेही असो, जवारी काढणारा माणूस कानस एकदा फिरवतो, तार चढवतो, छेडतो, ऐकतो, तार उतरवतो, पुन्हा कानस फिरवतो. हा क्रम घटकान्‌घटका चालतो. एका तारेची जवारी खुलली की शेजारची तिच्याशी जुळली पाहिजे. चारही तारांचा आवाज एकाच कुळातला वाटला पाहिजे. घासून गेलेले परत भरता येत नाही, म्हणून हात उतावळा असून चालत नाही. भुकटी किती पडते? चिमूटभरही नाही. त्या चिमूटभर भुकटीसाठी गवई मुंबईहून, पुण्याहून, धारवाडहून वाद्य खांद्यावर टाकून मिरजेपर्यंत येतात.

आणि एवढे झाल्यावर शेवटचा संस्कार राहतोच. तार आणि घोडी यांच्या मध्ये एक सुताचा धागा सरकवतात. तो बोटाने पुढे-मागे करत जावे. बराच वेळ काही घडत नाही, आवाज जाडाभरडाच राहतो. आणि मग एका विशिष्ट जागी, जिच्या अलीकडे-पलीकडे काही नाही अशा जागी, तार अचानक उजळते. ज्याने हे एकदा स्वतःच्या हाताने केले आहे तो पुन्हा कधी तंबोरा जुळवणाऱ्या गायकावर वेळ लावतो म्हणून चिडणार नाही. भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन यांनाही या घोडीने भुरळ घातली होती. तार ज्या बिंदूवर छेडावी, तिथे ज्या उपस्वराचा निश्चल बिंदू पडतो तो उपस्वर त्या नादातून गैरहजर असला पाहिजे, असा भौतिकशास्त्राचा रूढ नियम. तंबोरा आणि वीणा तो नियम पाळत नाहीत, नसायला हवे ते उपस्वर त्यांच्यात खणखणीत ऐकू येतात, आणि याचे कारण त्यांच्या घोडीच्या रचनेत आहे, हे रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले. त्यांच्या कानांना जे नवल वाटले ते मिरजेतल्या माणसाच्या बोटांना कित्येक दशके पाठ होते. मात्र त्याने ते समीकरणात न लिहिता हाडाच्या एका तुकड्यावर लिहिले होते.

आता चार तारा जुळल्या आहेत असे समजू. पहिली पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, म्हणजे जोड, आणि शेवटची पितळेची, खर्जाची. मधल्या बोटाने पंचम, मग तर्जनीने उरलेल्या तिन्ही; झटका नाही, ओरबाडणे नाही, बोट तारेवरून नुसते निसटावे. थोड्या वेळाने आपण तारा मोजणे विसरतो. एक तार विरण्याआधी दुसरी तिच्यात मिसळलेली असते आणि सगळे मिळून एक सलग, झळाळता पडदा उभा राहतो. त्या पडद्यात, नीट ऐकले तर, कुणीही न छेडलेला एक स्वर हळूहळू वर येतो. हा गंधार. खर्जाच्या तारेतून तो आपोआप उमटतो, म्हणून गवई त्याला स्वयंभू म्हणतात. चार तारांपैकी एकही गंधाराला लावलेली नाही, तरी तो स्पष्ट आहे, आणि तो ऐकू आला की जवारी साधली, वाद्य जुळले, अशी खूण पटते. टिचकीपासून इथवर जे जे केले, भोपळा निवडला, तबली पातळ केली, उतार घासला, सूत सरकवले, ते सारे जणू या एका अनाहूत पाहुण्याच्या स्वागतासाठी केले होते. हस्तकलेचे कौतुक करताना आपण सहसा दिसणाऱ्या वस्तूपाशी थांबतो: विणीची सफाई, रंगांची संगती, घाटाचा डौल. इथे कलाकृती पुरी होते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या आणि हातांनी थेट न केलेल्या एका स्वरात. अशी दुसरी कारागिरी चटकन आठवत नाही.

मिरजेच्या मातीत हा कान कसा मुरला हे पाहायला गावात थोडे हिंडावे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे राहिले आणि त्यांच्यापाशी विष्णु दिगंबर पलुसकर गाणे शिकले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांनी इथे घर केले आणि हिराबाई बडोदेकरांचा जन्म १९०५ साली याच गावात झाला. खाँसाहेबांना स्वतःला वाद्यांच्या दुरुस्तीची हौस आणि जाण होती. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींवर जे संशोधन करून १९१० साली पुस्तकरूपाने मांडले, त्यालाही खाँसाहेबांच्या गळ्याचे साह्य झाले. ज्या गायकाला दोन श्रुतींमधले अंतर गळ्यात दाखवता येत होते, त्याच्या तंबोऱ्याची जवारी काढणे म्हणजे काय परीक्षा असेल! असा चोखंदळ गवई शेजारी राहत असला की कारागिराचा कान आपसूक तयार होतो, आणि असा कारागीर हाताशी असला की गवयालाही अधिक सूक्ष्म मागण्याचे धाडस होते. गाणे आणि घडण यांनी इथे एकमेकांना वाढवले आहे. १९३७ साली दक्षिणेच्या प्रवासात खाँसाहेब गेले. त्यांना मिरजेत आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात चिरविश्रांती दिली गेली, आणि दर्ग्याच्या उरुसात दरवर्षी गाणे होते. नवरात्रात अंबाबाईच्या देवळातही संगीतसभा भरते. दर्ग्यात आणि देवळात उभे राहणारे तंबोरे एकाच गल्लीतून आलेले असतात, आणि त्या गल्लीतली माणसे दोन्हीकडे श्रोते म्हणून बसलेली असतात, याची मिरजेत कुणी फारशी चर्चा करत नाही.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. चांगले झाले, नक्कल करणाऱ्याला थोडा धाक बसेल. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी आणि आता मोबाइलमधला तंबोरा यांच्याबद्दल मात्र कपाळाला आठ्या घालण्याचे मला कारण दिसत नाही. रोजच्या रियाजाला, लोकलच्या प्रवासाला, लहान घराला ती सोय आहे आणि ती सोय घेणारे उद्या खऱ्या तंबोऱ्याकडे वळूही शकतात. फरक एवढाच की त्या पेटीतला पंचम प्रत्येक फेऱ्यात हुबेहूब तोच असतो. खऱ्या तंबोऱ्यात बोट दर वेळी किंचित वेगळे पडते, हवेतला दमटपणा बदलतो, तार थोडी उतरते, गायक मध्येच मान वळवून तारेतला मणी सारतो. त्या स्वरांना स्वतःचा श्वास असतो. पहिल्या रांगेत बसलेल्या जाणकारांना यातले सगळे ऐकू येते, मागे बसलेल्यांना त्याचे नाव सांगता आले नाही तरी सुख तेच मिळते.

तंबोरा विकत घ्यायला आलेल्या माणसाला इथे किंमत सांगण्याआधी एक प्रश्न विचारतात: स्वर कोणता? काळी एक, काळी दोन, काळी चार, काळी पाच. हार्मोनियमच्या पट्ट्यांच्या या हिशेबावर दांडीची लांबी, भोपळ्याचा घेर आणि तारांची जाडी ठरते. ढोबळ मानाने मोठा तो मर्दानी आणि आखूड तो जनानी म्हणतात खरे, पण गंगूबाई हनगलांच्या खर्जाच्या आवाजापुढे या विभागणीचा निभाव कसा लागणार? म्हणून मुरलेला कारागीर गिऱ्हाइकाच्या सांगण्यावर फारसा विसंबत नाही; तो म्हणतो, जरा सा लावा. गिऱ्हाईक संकोचते, खाकरते, मग सा लावते, आणि कारागीर भिंतीशी टेकलेल्या दहा-बारा तंबोऱ्यांवरून नजर न फिरवता एकाकडे हात करतो. तो तंबोरा जुळवला जातो, आणि मग जी हुज्जत सुरू होते ती मोठी रसाळ असते. गायक म्हणतो, खर्ज अजून थोडा उघडा हवा; कारागीर म्हणतो, घोडी कोरी आहे, महिनाभर वाजू द्या, आपोआप उघडेल, आत्ता घासली तर मग सांभाळता येणार नाही. गायक पुन्हा छेडतो, पुन्हा तक्रार करतो. शेजारच्या दुकानातून कुणीतरी उठून येते, कान देते आणि आपले तिसरेच मत देऊन जाते. आणि चहाचे कप रिकामे होईपर्यंत तिघांपैकी कुणीही माघार घेत नाही.